पहिल्या बक्षिसाचा वळू पैदाशीला घ्यावा का? एका गवळाऊ वळूचे प्रकरण

२०२३च्या नोव्हेंबरअखेर काटोल तालुक्यातील सात गोपालक कुटुंबांचा एक गट माझ्या नागपूरच्या दवाखान्यात आला. सातही घरांच्या मिळून गवळाऊ या इथल्या देशी जातीच्या ४१ गायी होत्या आणि आर्वीकडच्या एका गोपालकाचा वळू विकत घ्यायचे त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकले होते. या वळूने त्याच महिन्यात एका प्रदर्शनात गवळाऊ नरांमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता, मालकाने १ लाख ७५ हजार रुपये किंमत सांगितली होती आणि तीन-चार वर्षांत प्रदर्शनात उभी करता येतील अशी वासरे आपल्याच दावणीला जन्मावीत, हा गटाचा हेतू होता. त्यांना माझ्याकडून वळू निरोगी असल्याचे चार ओळींचे प्रमाणपत्र हवे होते. मी वळूसोबत त्याची वासरे, आई आणि बहिणीही पाहण्याचा आग्रह धरला, त्यामुळे एका सकाळचे काम अडीच महिने चालले. त्याची हकीकत सविस्तर लिहीत आहे, कारण हाच प्रश्न घेऊन दर हिवाळ्यात कोणी ना कोणी येतच असते.

गटातील एका तरुणाने मोबाईलवर अमेरिकेतील मांसल जातींच्या प्रदर्शनांचे व्हिडिओ पाहिले होते आणि वळू असाच रुंद, भरलेला हवा, असे त्याचे मत बनले होते. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईसोबत बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी असल्याने मांसासाठी वळू निवडण्याचा प्रश्नच आपल्याकडे उद्भवत नाही. तरीही त्या तरुणाला मी सांगितले की, त्या लोकांचे रिंगण पाहू नये, त्यांची वही पाहावी. अँगस किंवा हियरफर्ड जातीचा वळू तिथे विक्रीला निघतो तेव्हा त्याच्या नावापुढे संततीतील अपेक्षित फरकाचे आकडे छापलेले असतात. याच्या वासरांचे जन्माचे वजन, २०५ दिवसांना दूध तोडतानाचे वजन आणि ३६५ दिवसांचे वजन इतर वळूंच्या वासरांच्या तुलनेत किती कमी-जास्त राहील, आणि या अंदाजावर भरवसा किती ठेवावा, हे त्यावरून कळते. ज्यांनी ही वही बाजूला ठेवून रिंगणातल्या रूपालाच वळू निवडले, त्यांची फजिती त्याच देशात झाली आहे. शॉर्टहॉर्न आणि मेन-अंजू रक्ताच्या, प्रदर्शनासाठी वाढवलेल्या वासरांच्या वंशावळींत दोन घातक आनुवंशिक दोष पसरले. एकात मागच्या पायाचे नडगीचे हाड नीट घडतच नाही, दुसऱ्यात फुप्फुसे अपुरी राहून वासरू पाण्याने फुगलेले, मृत जन्मते. दोष वाहणारा वळू स्वतः धडधाकट दिसतो, बक्षिसे घेतो आणि त्याचे वीर्य गावोगाव जाते. मात्र वाहक वळूला वाहक गाय मिळाली की सरासरी चारांतले एक वासरू दोषी निपजते. अँगस जातीतही २००८ मध्ये मुरडलेल्या पायांची, वाकड्या कण्याची वासरे जन्मल्याचे प्रकरण गाजले आणि त्याचा माग अतिशय लोकप्रिय ठरलेल्या एका वंशापर्यंत गेला. आपल्या गवळाऊत अशी वही नसल्यामुळे तिचे काम पायी फिरूनच करावे लागणार होते.

वळूकडे जाण्यापूर्वी गवळाऊ म्हणजे काय याची गटासोबत उजळणी केली, आणि ती वाया गेली नाही. आर्वी, आष्टी, कारंजा हा वर्धा जिल्ह्याचा पट्टा, त्याला लागून नागपूर जिल्हा आणि पलीकडे मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हे या जातीचे घर आहे. मराठ्यांच्या फौजेचे सामान झपाट्याने हलवणारी जात अशी तिची ख्याती होती. लांब आणि निमुळते तोंड, वर जाताना मागे झुकल्यामुळे किंचित फुगीर वाटणारे कपाळ, बदामी डोळे, आखूड बोथट शिंगे, पांढरा रंग, नरात मान, वशिंड आणि पुठ्ठ्यावर राखाडी झाक, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हलके अंग व लांब पाऊल, ही तिची ओळख होय. दिसायला ती आंध्रातील ओंगोलच्या फार जवळ जाते. ओंगोल भारी, रुंद कपाळाचा आणि मोठ्या वशिंडाचा असतो, गवळाऊ त्याच्यापुढे सडपातळ वाटतो. रिंगणात दहा वळू शेजारी शेजारी उभे केले की नजर आपोआप सर्वांत भारी जनावरावर जाते. त्यामुळे 'उत्तम गवळाऊ' म्हणून ज्याला फेटा बांधला जातो तो गवळाऊपेक्षा ओंगोलकडे झुकलेला असण्याचा धोका कायम असतो. परीक्षकांना मी दोष देत नाही. उभ्या जनावरावर पाच मिनिटांत निर्णय द्यायचा म्हटल्यावर मीही कदाचित तोच दिला असता.

५ डिसेंबरला कोंढाळी, कारंजा, तळेगाव या वाटेने आम्ही वळूच्या गावी पोचलो. मालक सत्तरीच्या घरातले होते आणि वळू त्यांनी लेकरासारखा वाढवला होता. त्यांनी जन्म ऑक्टोबर २०१९चा सांगितला. तोंड उघडून पाहिले तर वळू सहा दाती (सहा पक्के दात आलेला) होता, म्हणजे वयात लपवाछपवी नव्हती. त्याचे रूप खरोखरच नजरेत भरणारे होते. मात्र शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना चरबीच्या गाद्या होत्या, बरगड्या बोटांनी दाबूनही लागत नव्हत्या आणि एक ते पाचच्या मापात मी त्याची अंगस्थिती साडेचार लिहिली. प्रदर्शनाच्या आधी तीन महिने त्याला रोज सहा किलो खुराक चालू होता आणि त्यातील चार किलो सालासकट सरकीची ढेप होती. हा आकडा मी अधोरेखित करून ठेवला.

वळूला दोरीने धरून चालवायला सांगितले. आदल्या दिवशी पाणी दिलेल्या वाफ्याची कडा ओलसर होती, तिथून त्याला दोनदा नेले आणि खाली बसून पावलांचे ठसे पाहिले. चांगल्या चालीच्या गवळाऊचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो. या वळूचा मागचा ठसा पुढच्या ठशाच्या चार बोटे मागे राहत होता, दोन्ही खेपांना आणि दोन्ही बाजूंना. उभा राहून पाहिले तेव्हा कारण दिसले. मागच्या पायाच्या मधल्या सांध्याला जो थोडा कोन असायला हवा तो जवळजवळ नव्हताच, पाय खांबासारखे सरळ होते. अशा पायाचा वळू उभा असताना फार भारदस्त दिसतो, म्हणून छायाचित्रात हा दोष गुण म्हणून खपतो. पण गाईवर चढताना सगळा भार मागच्या सांध्यांवर येतो आणि दोन-चार वर्षांत मांडीचा सांधा निकामी होऊ शकतो. शिश्नावरण मात्र आटोपशीर होते, जमिनीकडे लोंबत नव्हते. काटेरी झुडपांतून चरणाऱ्या जनावराच्या बाबतीत ही जमेची बाजू आहे, कारण लोंबते आवरण फाटले की वळू नैसर्गिक पैदाशीतून बाद होण्याची भीती असते.

वृषणकोषाचा घेर फितीने ३२.५ सेंटीमीटर भरला. अमेरिकेत दोन वर्षांवरील मांसल वळूला किमान ३४ सेंटीमीटर घेर लागतो, पण ते कोष्टक प्रामुख्याने युरोपीय वंशांवर बेतलेले आहे आणि आपली वशिंडाची जनावरे उशिरा वयात येतात, म्हणून केवळ या आकड्यावर त्याला नापास करणे मला योग्य वाटले नाही. आकड्यापेक्षा हाताला जे लागले ते अधिक बोलके होते. वृषणकोषाच्या मानेत चरबी साठली होती. वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी कमी राहिले तरच शुक्राणू नीट घडतात, आणि ही चरबी गोधडीसारखी उष्णता अडवून धरते. नागपूर-वर्धा पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो हे लक्षात घेतले, तर थंडीत सोसणारी चरबी उन्हाळ्यात काय करील याचा अंदाज येतो. उजवा वृषण ताठ व लवचिक होता, डावा त्यामानाने मऊ. डाव्या बाजूच्या कातडीवर जुन्या आठ आण्याच्या नाण्याएवढा, केस नसलेला गोल वण होता. विचारल्यावर मालकांनी सांगितले की २०२२च्या लम्पीच्या साथीत वळूला थोड्या गाठी आल्या होत्या आणि आठवडाभर तापही होता. लम्पीत वृषणाला सूज येऊ शकते आणि ती कधी कधी कायमचे नुकसान करून जाते. प्रदर्शनात ही बाजू कोणी वाकून पाहत नाही.

त्याच दिवशी कृत्रिम योनीने वीर्य घेतले. साडेतीन मिलिलिटर वीर्यात सरळ पुढे जाणारे शुक्राणू ३५ टक्के होते आणि विकृत शुक्राणू ४१ टक्के. किमान ३० टक्के पुढे जाणारे आणि ७० टक्के सुघड शुक्राणू, हा प्रचलित निकष धरला तर गतीत तो काठावर उत्तीर्ण आणि रचनेत स्पष्ट अनुत्तीर्ण ठरत होता. विकृतींपैकी बऱ्याच शुक्राणूच्या मधल्या भागातल्या होत्या, आणि इथे सरकीच्या ढेपेचा आकडा पुन्हा पुढे आला. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्याचा बराच भाग निष्प्रभ होतो, पण दीर्घकाळ आणि भरपूर खाऊ घातल्यास ते वळूच्या शुक्राणूंच्या मधल्या भागालाच इजा करते. कपाशीच्या या मुलखात दुभत्या गाईला सरकीची ढेप घालणे हे चांगल्या गोपालकाचे लक्षण मानले जाते, आणि गाईपुरते ते बरोबरही आहे. वळूच्या टोपल्यात तीच ढेप तितक्याच मायेने पडते तेव्हा मात्र ती त्याच्या मुळावर येते.

नापास झालेला वळू लगेच सोडून द्यायचा का, असा प्रश्न गटाने विचारला. मी नको म्हटले. वळूमध्ये शुक्राणू घडायला सुमारे ५४ दिवस लागतात आणि पुढे नलिकांतून परिपक्व होऊन बाहेर यायला आणखी आठ-दहा दिवस. म्हणजे आज दिसलेले वीर्य दोन महिन्यांपूर्वीच्या खाण्याचे आणि तब्येतीचे होते. मालकांनी सरकी पूर्ण बंद करून दीड किलो तुरीची चुनी, ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे कुटार यांवर वळूला ठेवायचे, रोज दोन कोस चालवायचे आणि ७० दिवसांनी पुन्हा तपासायचे, असे ठरले. "बक्षिसाचा वळू वाळवाले सांगता काय साहेब?" असे ते म्हणाले खरे, पण तयार झाले. सांसर्गिक गर्भपाताची चाचणीही तेव्हाच केली आणि महिन्याहून अधिक अंतराने पुन्हा केली. दोन्ही वेळा ती नकारार्थी आली. नैसर्गिक पैदाशीच्या वळूबाबत ही चाचणी टाळण्याइतका महागडा आळस दुसरा नाही.

मधल्या काळात वासरे पाहिली. हा वळू अडीच वर्षांचा झाल्यावर पैदाशीला लागला होता, त्यामुळे सर्वांत थोरले वासरू जेमतेम अकरा महिन्यांचे होते. तीन गावांत हिंडून त्याची ११ वासरे सापडली, सात गोऱ्हे आणि चार कालवडी. प्रत्येक घरी वासरासोबत त्याची आईही पाहिली, कारण आई न पाहता वासराचा दोष बापाच्या माथी मारणे हा अन्याय आहे. चौथ्या घरी वळूचे मालक हसून म्हणाले, "डॉक्टर साहेब, तुम्ही वळू पाहाले आले का सोयरीक जमवाले?" सोयरीकच होती ती, मुलगा देखणा असला तरी घराणे पाहायचे असते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

११ पैकी पाच वासरांचे कपाळ रुंद होते आणि अंग गवळाऊला न शोभण्याइतके भारी. चार वासरांचे मागचे पाय बापासारखे सरळ होते, आणि त्या चारपैकी तिघांच्या आयांचे पाय निर्दोष होते. उरलेली वासरे मात्र चांगली होती, त्यातली दोन तर फारच उमदी, लांब तोंडाची, चालताना माग पुढे टाकणारी. एका घरी म्हातारीने आपल्या गोऱ्ह्याकडे बोट दाखवून एका वाक्यात निकाल दिला, "दिसाले राजावानी हाये, पन पयत नाही." शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, मुलखातल्या माणसाला न पळणाऱ्या गोऱ्ह्याचे रूप फार काळ भुलवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींसंबंधीचे राज्यांचे कायदे वैध ठरवल्यापासून तर पळणाऱ्या गोऱ्ह्याची विचारणा पुन्हा वाढली आहे.

राहिली कास. वळूच्या स्वतःच्या लेकी अजून लहान असल्यामुळे त्याच्या नात्यातल्या गायींवरूनच अंदाज बांधायचा होता. आई मालकांकडेच होती आणि ती या साऱ्या प्रकरणातील सर्वांत चांगले जनावर निघाली. ऑक्टोबर २०१९ ते एप्रिल २०२३ या काळात तिची चार वेते झाली होती, म्हणजे दोन वेतांत सरासरी १४ महिन्यांचे अंतर. कास घट्ट, सड बारीक आणि सारखे. ही गाय मालकांनी २०१९ मध्ये काटोल भागातून गाभण घेतली होती. कोणाकडून घेतली हे विचारले तेव्हा जे गाव त्यांनी सांगितले, ते ऐकून गटातील दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्या गावात २०१५ ते २०१९ या काळात एकच मोठा वळू होता आणि गटाच्या स्वतःच्या ४१ गायींपैकी नऊ गायी त्याच्याच लेकी होत्या. म्हणजे ज्या वळूला नवे रक्त समजून ही मंडळी पावणेदोन लाख मोजायला निघाली होती, तो त्यांच्याच नऊ गायींचा सावत्र भाऊ होता. सावत्र भाऊ-बहिणीच्या संकरातून होणाऱ्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक (एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता) साडेबारा टक्के येतो, आणि दडलेले दोष वर येण्यासाठी तेवढा पुरेसा असतो. घरी परतल्यावर त्या नऊ गायींची कास ओळीने तपासली. तिघींचे पुढचे सड बाटलीसारखे जाड होते, आणि तिघींचीही वासरे जन्मल्यावर पहिले दोन दिवस सड तोंडात धरू शकली नव्हती. गटाने आजवर याचा दोष धार काढणाऱ्यांना दिला होता.

१६ फेब्रुवारी २०२४ रोजी दुसरी तपासणी झाली. अंगस्थिती साडेतीनवर आली होती, वृषणकोषाच्या मानेतील चरबी उतरली होती, पुढे जाणारे शुक्राणू ६० टक्के आणि विकृत २४ टक्के. वीर्याच्या कसोटीवर वळू उत्तीर्ण झाला. चरबी उतरल्यामुळे की सरकी बंद केल्यामुळे, हे या एका जनावरावरून वेगळे काढता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या होत्या. डावा वृषण मात्र पूर्वीइतकाच मऊ होता आणि मागचे पाय अर्थातच तसेच होते. ओल्या मातीवर पुन्हा चालवले. वजन उतरल्यावर माग चार बोटांवरून तीन बोटांवर आला, त्यापुढे नाही.

गटाच्या बैठकीत मी माझे मत असे मांडले की, हा वळू टाकाऊ नाही, पण तो कळपाचा एकमेव वळू होण्याच्या लायकीचाही नाही. १ लाख ७५ हजार देऊन दारात आणला, की पैसे वसूल करण्यासाठी तो नऊ बहिणींवरही सोडला जाईल आणि सरळ पायांच्या गायींवरही. हा मोह टाळायचा तर वळू मालकाकडेच राहू द्यावा आणि निवडक गायी तिथे न्याव्यात. मागच्या पायाला चांगला कोन असलेल्या, अंगाने सडपातळ, बारीक सडाच्या आणि त्याच्याशी रक्ताचे नाते नसलेल्या अशा १२ गायी आम्ही काढल्या. तरुण सभासद नाराज झाला. त्याचा मुद्दा असा की, बक्षीस मिळालेल्या वळूचे वासरू म्हणून जी किंमत येते ती वळू आपल्या मालकीचा असला तरच पदरात पडते, आणि व्यवहार म्हणून तो चुकीचा नव्हता. शेवटी चार घरांनी माझे ऐकले, दोघांनी गायी पाठवल्याच नाहीत आणि एकाने आपल्या गायीला दवाखान्यातून कृत्रिम रेतन करून घेतले. गेल्या त्या आठच गायी.

त्या मार्च-एप्रिलमध्ये दाखवल्या गेल्या. सहा फळल्या, दोन उलटत, म्हणजे पुन्हा माजावर येत, राहिल्या. वळू त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका खरेदीदाराने १ लाख ९० हजारांना नेला. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये सहा वासरे झाली, चार गोऱ्हे आणि दोन कालवडी, सर्व जिवंत आणि आपापली दूध पिणारी. जुलैत पहिला चांगला पाऊस पडून माती धरल्यावर चारही गोऱ्ह्यांना कोठ्याबाहेरच्या मोकळ्या जागेत चालवून पाहिले. तिघांचा मागचा ठसा पुढच्या ठशावर पडला. चौथा, जो चौघांत सर्वांत भारी आणि पांढराशुभ्र आहे, त्याचा माग दोन बोटे मागे राहिला. येत्या हिवाळ्यातल्या प्रदर्शनासाठी गटाने नाव त्याचेच दिले आहे; पैदाशीसाठी मात्र बाकीच्या तिघांतला लांब तोंडाचा एक राखून ठेवला आहे आणि तो दोन दाती झाला की त्याचा वृषणकोष मोजायला मला बोलावणार आहेत.